विचारा तर खरं: सगळे वेगवेगळं सांगतात, मग ऐकायचं कुणाचं?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही गोव्यात बोरीला राहतो. घराची विहीर आहे पण एप्रिल लागला की तळ दिसतो आणि मग टँकर, वर्षाला २५ हजार तरी जातात. यंदा मागच्या भाटात (बागायतीत) फणसाकडे बोअर मारूया असं ठरलंय, पण तिथे पाणी आहे की नाही यावरून घरात महाभारत चाललंय. पाणी बघणारे एक काका आले, पायाळू आहेत म्हणतात, हातावर नारळ घेऊन सगळीकडे फिरले, फणसाकडे नारळ उभा राहिला, म्हणाले भरपूर पाणी. मिस्टरांनी जिऑलॉजिस्ट आणला, त्याने जमिनीत सळ्या ठोकून तारा लावून मशीनने बघितलं आणि म्हणाला इथे नको, चान्स कमी. शेजाऱ्यांची बोअर तिथून तीसेक मीटरवर आहे, तिला मे अखेरपर्यंत पाणी असतं, ते म्हणतात बिनधास्त मारा. बोअरवाला म्हणतो हंड्रेड पर्सेंट. सासूबाईंचे भाऊ म्हणतात पाणी आहेच. जाऊ म्हणते मशीनवाला नको म्हणतो तर नकोच. म्हणजे चार हो, दोन नाही. खर्च लाखभर आहे. वाड्यावर शेजाऱ्यांची सोडून दहा बोअर आहेत, सहा मे महिन्यात चालतात, चार फेल. काय करू?

उत्तर: ताई, पहिलं काम म्हणजे ते चार हो आणि दोन नाही विसरून जा. हात वर करून पाणी लागत नाही. आणि या सहा जणांत स्वतःच्या जोरावर काही माहीत असलेले किती हे मोजायला गेलं तर सहा काही भरत नाहीत.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही शेवटी घाईघाईत लिहिलीय: दहा बोअर, सहा चालू, चार फेल. कुणाचंही काही ऐकायच्या आधी तुमच्या फणसाखाली पाणी असायची शक्यता ती हीच, ६ ला ४, म्हणजे ६० टक्के. पुढे जो कोणी जे काही बोलेल त्याने हा आकडा वर सरकेल नाहीतर खाली, पण सुरुवात इथूनच करायची. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि शेवटी जो बोलला त्याच्या मागे जातात.

आणि "पाणी लागलं" म्हणजे नेमकं काय, हेही आधीच ठरवा. तुमच्यासाठी त्याचा अर्थ मे अखेरीस टाकी भरली पाहिजे असा आहे. बोअरवाल्याच्या वहीत मात्र खालून ओला चिखल उसळला, पाइपातून दोनचार बादल्या पाणी आलं की "लागलं", लगेच फोटो, व्हॉट्सॲपवर स्टेटस. अहो गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, डिसेंबरात कुठेही भोक पाडलं तरी काहीतरी ओल सापडायचीच. म्हणून कुणाचा रेकॉर्ड विचारताना मे महिन्याचाच विचारा.

आता प्रत्येकाच्या मताला वजन किती द्यायचं. त्यासाठी प्रत्येकाबद्दल दोन प्रश्न विचारायचे, आणि दोन्ही विचारायचे, एकावर थांबायचं नाही. खाली खरोखर पाणी असतं तर हा माणूस हेच बोलला असता का? आणि पाणी नसतं, तरीही हेच बोलला असता का? पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागलं की जो आकडा येतो तेच त्याच्या बोलण्याचं वजन. अशा "असतं तर", "नसतं तर" या अटीवरच्या शक्यतेला गणितात कंडिशनल प्रोबॅबिलिटी म्हणतात, कॉलेजच्या पुस्तकात सशर्त संभाव्यता असतं, आणि त्यातला मुख्य नियम थॉमस बेझ नावाच्या इंग्लंडमधल्या एका पाद्र्याच्या नावाने ओळखला जातो, त्याचा निबंध तो गेल्यावर १७६३ साली त्याचा मित्र रिचर्ड प्राइसने छापून आणला होता.

बोअरवाल्यापासून सुरू करू कारण तो सगळ्यात सोपा. पाणी असतं तर तो हंड्रेड पर्सेंट म्हणाला असता का? हो. नसतं तर? तरीही हो, त्याला फुटाप्रमाणे पैसे मिळतात, पाण्याप्रमाणे नाही. एक भागिले एक, एक. एकाने गुणलं की आकडा हलत नाही, तो बोलला काय आणि न बोलला काय, सारखंच. म्हणजे तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही, माणूस भला असेल, पण त्याच्या "हो" मधून आपल्याला काही कळत नाही.

काकांनी आधी दाखवलेल्या जागांचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नव्हतं म्हणून मी उलट विचारलं, आणि तुम्ही वाड्यावर फिरून कळवलंत त्याबद्दल मानलं तुम्हाला. दहापैकी सात जागा काकांनी दाखवलेल्या, त्यातल्या चार चालतात, तीन फेल. लोक ते चार सांगतात, त्या चारांच्या गोष्टी रंगवून सांगतात, आणि तीन फेल गेलेले म्हणतात आमचंच नशीब. पण हिशोब मांडा. ज्या सहा ठिकाणी पाणी लागलं त्यातल्या चार जागा काकांच्या, म्हणजे सुमारे ६७ टक्के. ज्या चार फेल गेल्या त्यातल्या तीन काकांच्या, ७५ टक्के. भागाकार ०.८९, म्हणजे जवळपास एकच, आणि इतक्या थोड्या आकड्यांवर त्यातला फरक धरायचाही नाही. सातात चार हे ऐकायला बरं वाटतं हो, पण वाड्याचंच प्रमाण दहात सहा आहे, काकांनी डोळे मिटून बोट दाखवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये याची मोठी परीक्षा झाली होती, सुमारे पाचशे पाणी बघणाऱ्यांतून ४३ जण निवडले, एका गोदामात खाली पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून यांनी तो कुठे आहे ते सांगायचं. प्रयोग करणारे म्हणाले काही जणांना जमतं, पण नंतर तेच आकडे दुसऱ्याने तपासले तर अंदाजपंचेपेक्षा वेगळं काही निघालं नाही. काकांना चहा द्या, नारळही द्या, पण आकडा ६ ला ४ वरच ठेवा.

सासूबाईंचे भाऊ. ते स्वतः बघायला आले होते का, की काका म्हणाले म्हणून म्हणतात? तुमच्या दुसऱ्या पत्रावरून तसंच दिसतंय. मग ते काकांची झेरॉक्स झाले, आणि झेरॉक्सचं वेगळं वजन नसतं. हाच न्याय जाऊबाईंना लावा, त्या जिऑलॉजिस्टचंच वाक्य सांगतायत. दोन्ही बाजूंची एकेक प्रत काढून टाकली, उगाच भांडण नको.

राहिले दोघे, जिऑलॉजिस्ट आणि शेजारी, आणि खरा विचार इथेच करायचाय.

जिऑलॉजिस्ट ते जे करतो ना, सळ्या ठोकून करंट सोडतो, त्यातून जमिनीचा विजेला होणारा विरोध कळतो, ओली आणि भेगा पडलेली जमीन करंट सोपा जाऊ देते, कोरडा सलग दगड अडवतो. पण चिकणमातीही करंट जाऊ देते आणि तिच्यातून पाणी काही निघत नाही, आणि आपल्याकडे वरचा चिरा, म्हणजे जांभा दगड, संपला की खाली बऱ्याच ठिकाणी तशीच पांढुरकी चिकट माती असते, मग मशीन फसतं. उलटंही होतं, भेग अरुंद असली की सुटून जाते. म्हणून मी धरतो की पाणी असूनही तो "नको" म्हणेल असं चारात एकदा होईल, आणि पाणी नसताना "नको" म्हणेल असं चारात तीनदा. भागाकार एक तृतीयांश. ६ ला ४ म्हणजे दीड, दीडाला तीनाने भागलं की अर्धा, म्हणजे १ ला २, तीनात एक. ६० टक्क्यांवरून एकदम ३३ वर आलो. बघा, एकट्या माणसाच्या "नाही" ने एवढं केलं, आणि दोघांच्या "हो" ने काहीच केलं नव्हतं.

शेजाऱ्यांचं मत बाजूला ठेवा, त्यांची बोअर बघा. ती खरी साक्षीदार. त्यांना तीस मीटरवर पाणी आहे म्हणून तुम्हाला असेलच असं नाही, कारण खालच्या कातळात पाणी भेगांमधून असतं, भेग तुमच्या फणसाखालून गेली तर गेली, नाहीतर दहा पावलांवर कोरडं ठणठणीत. पण काहीतरी संबंध आहेच. तुमच्याकडे पाणी असेल तर शेजारी असण्याची शक्यता समजा ८० टक्के, तुमच्याकडे नसेल तर शेजारी असण्याची ४० टक्के. भागाकार दोन. १ ला २ ला दोनाने गुणा, १ ला १. पन्नास टक्के. (आणि शेजाऱ्यांची बोअर तुम्ही दहात धरली नाहीत ते फार बरं केलंत, नाहीतर तीच एक बोअर आपण दोनदा मोजली असती.)

तर चार विरुद्ध दोन वाटणारं भांडण खरं तर नाणेफेकीवर आलंय. पण निर्णय टक्क्यांवर होत नाही, पैशांवर होतो. टँकरचे २५ हजार दहा वर्षं वाचले तर अडीच लाख, त्याचे निम्मे सव्वा लाख, खर्च एक लाख. काठावर आहात, आणि पंप, वीजबिल मी धरलेलंच नाही. अशा वेळी एक गोष्ट करण्यासारखी आहे, दुसरा जिऑलॉजिस्ट बोलवा आणि पहिला काय म्हणाला ते त्याला अजिबात सांगू नका. मशीन त्याच जातीचं, माती तीच, म्हणजे पहिला जिथे फसला तिथे हाही फसू शकतो, म्हणून याचं वजन तीन न धरता दोनच धरू. तो "हो" म्हणाला तर २ ला १, म्हणजे ६७ टक्के, अडीच लाखाचे दोन तृतीयांश एक लाख ६७ हजार, मारा बोअर. "नको" म्हणाला तर ३३ टक्के, ८३ हजार, लाख घालू नका. त्याच्या उत्तराने तुमचा निर्णय फिरतो, म्हणून त्याची फी वसूल आहे. आणखी एक काका आणले तर त्यांच्या उत्तराने काहीही फिरत नाही, मग ते फुकट आले तरी महागच.

असं मतभेदांतून आकडा काढणं हे नुसतं वहीतलं नाही बरं का. मे १९६८ मध्ये अमेरिकेची स्कॉर्पियन नावाची पाणबुडी अटलांटिकमध्ये ९९ जणांसकट बुडाली, काय झालं असेल यावर जाणकारांची तोंडं दहा दिशांना. नौदलाच्या जॉन क्रेव्हन यांनी कुणा एकाला बरोबर ठरवलं नाही, प्रत्येक शक्यतेला जाणकारांकडूनच वजन लावून घेतलं, सगळं मिळवून समुद्राच्या तळाचा नकाशा केला, कुठल्या चौकोनात किती शक्यता. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाणबुडी अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला सुमारे तीन हजार मीटर खोल सापडली.

आणि हो, बोअर मारायची झाली तर आधी परवानगी लागते, २००२ चा गोवा भूजल नियमन कायदा आहे, जलस्रोत खात्यात अर्ज करा. बोअरवाला म्हणेल मी बघतो सगळं. त्याच्या म्हणण्याचं वजन किती ते तुम्हाला आता माहीत आहे.

प्रश्न: सर, मी साखळीचा, दर आठवड्याला बेळगावला जातो. पावसात एकदा सात ग्रुपवर मेसेज आला, चोर्ला घाट बंद, दरड कोसळली. सात ठिकाणांहून आलं म्हणून मी अनमोडवरून गेलो, दोन तास जास्त लागले, आणि चोर्ला चालू होता म्हणे. सात जण एकदम चुकू शकतात का?

उत्तर: भाऊ, सात जण नव्हतेच. शब्द तेच, "कृपया पुढे पाठवा" तेच, फोटोही तोच असणार, म्हणजे बोलणारा एक आणि ढकलणारे सात. सात वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी आपापल्या डोळ्यांनी बघून कळवलं असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा सातदा गुणाकार करता आला असता. एकाच गोष्टीचा असा पुन्हा पुन्हा गुणाकार करण्याने फार मोठे घोटाळे झालेत. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या बाईंची दोन बाळं दगावली, बाईंवरच खुनाचा आरोप आला, कोर्टात एका नामांकित डॉक्टरने साक्ष दिली की अशा घरात एक बाळ अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन जाण्याची त्याचा वर्ग, सात कोटी तीस लाखांत एक. जणू दोन्ही मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंधच नाही, एकाच घरातली, एकाच आईबापांची मुलं असून. १९९९ मध्ये बाईंना जन्मठेप झाली, ब्रिटनच्या संख्याशास्त्र्यांच्या संस्थेने जाहीर आक्षेप घेतला, आणि २००३ मध्ये त्या सुटल्या.

तुमच्या घाटात अजून एक भानगड आहे. घाट बंद झाला तर मेसेज येतो, पण घाट चालू आहे असा मेसेज कोण कशाला पाठवेल? त्यामुळे "चालू आहे असं कुणीच म्हणालं नाही" याला काही वजन नाही. आणि दरड खरोखर पडली तरी दोनतीन तासांत बाजूला काढतात, मेसेज मात्र संध्याकाळपर्यंत फिरत राहतो. ग्रुप सोडा, खाली केरीला किंवा वर कणकुंबीला ओळखीचं कुणी असेल तर सरळ फोन लावा आणि "घाट बंद आहे का" असं विचारू नका, त्यांनीही तोच मेसेज वाचलेला असतो. विचारा की बेळगावची भाजीची गाडी उतरताना बघितलीत का, किती वाजता. बेळगावहून भरलेली गाडी तासाभरापूर्वी उतरली असेल तर ती एकटी गाडी तुमच्या सात ग्रुपांना पुरून उरते, कारण घाट बंद असताना ती खाली दिसणं जवळपास अशक्य.

प्रश्न: आमच्या भावोजींचं पावसाबद्दल कायम चुकतं. ते म्हणाले पाऊस नाही की हमखास पडतो. त्यांचं ऐकणं सोडून द्यावं का? (म्हापसा)

उत्तर: सोडू नका हो, हीरा आहे तो. ज्याचं निम्मं चुकतं तो बिनकामाचा. ज्याचं नेहमी चुकतं त्याचा भागाकार एकापेक्षा खूप लांब असतो, फक्त उलट्या बाजूला, ते "पाऊस नाही" म्हणाले की कपडे आत घ्या. एवढंच बघा की जुलैतलं धरू नका, जुलैत म्हापशात पाऊस पडतोच, तिथे भावोजींची काही करामत नाही. ऑक्टोबर नाहीतर मे महिन्यातले त्यांचे अंदाज कॅलेंडरवर टिपून ठेवा, आणि त्यांना कळू देऊ नका.

प्रश्न: मी पेडण्याला शाळेत गणित शिकवते. तुमच्या अशा उत्तरांत मला एकच खटकतं, हे ८० टक्के, ४० टक्के, चारात तीनदा, हे सगळे आकडे तुम्ही मनानेच घेता. मग यात आणि नारळ फिरवण्यात फरक काय?

उत्तर: बाई, बरोबर पकडलंत, आकडे मनाचेच आहेत. फरक एवढाच की नारळाशी भांडता येत नाही, आकड्याशी येतं. तुम्ही म्हणू शकता की जिऑलॉजिस्टला एवढं वजन नको, एक तृतीयांश नाही, अर्धा धरा. धरू. दीड गुणिले अर्धा गुणिले दोन, दीड, म्हणजे ६० टक्के. कुणी म्हणेल माणूस चांगला अनुभवी आहे, एक पंचमांश धरा, मग ०.६ ला १, म्हणजे साडेसदतीस टक्के. बोरीच्या ताईंचा निर्णय ४० टक्क्यांवर फिरतो, लाख भागिले अडीच लाख, म्हणून त्यांच्या बाबतीत हा आकडा नीट विचारून घ्यायला हवा, त्या जिऑलॉजिस्टला सरळ विचारायचं की बाबा तू नको म्हटलेल्या जागी लोकांनी तरी मारल्याच असतील, त्यांचं काय झालं. तो किती वेळ विचार करून उत्तर देतो त्यावरूनही कळेल. शेजाऱ्यांच्या बोअरचे ८० आणि ४० सुद्धा असेच थोडे इकडेतिकडे करून बघावेत. दुप्पट करून, निम्मा करून जो आकडा निर्णय हलवत नाही त्याच्यामागे वेळ घालवू नये.

आणि फार बारीक आकड्याची गरजही नसते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला जर्मन सांकेतिक भाषा फोडताना ॲलन ट्यूरिंग आणि मंडळींनी पुराव्याचं वजन मोजायला स्वतःचं एकक केलं होतं, बॅन, जवळच्या बॅनबरी गावात त्यांचे लांबलचक कागद छापून यायचे त्यावरून. त्याचा दहावा भाग डेसिबॅन. एक डेसिबॅन म्हणजे साधारण सव्वापट, आणि त्यांच्यातले आय. जे. गुड लिहून गेलेत की माणसाला मनाने जाणवेल असा पुराव्यातला लहानात लहान फरक जवळपास एवढाच. त्याहून बारीक फरक मनाला जाणवतही नाही, तर आपण फणसाखालच्या पाण्यासाठी ६१ टक्के की ६२ टक्के करत बसायला नको. वर्गात मुलांना करून दाखवायचं असेल तर पावसाळ्यात रोज सकाळी पाचसहा मुलांना "आज मधल्या सुट्टीत पाऊस असेल का" विचारा, कोण कशावरून सांगतं तेही लिहून घ्या, आणि महिन्याअखेर प्रत्येकाचे दोन्ही भाग वेगळे मोजा, पडला तेव्हा काय म्हणाला होता आणि नाही पडला तेव्हा काय म्हणाला होता. जो पोरगा रोज हो म्हणतो त्याचे सगळ्यात जास्त बरोबर येतील आणि वजन मात्र एक भरेल, त्यावर वर्गात आरडाओरडा होणार, होऊ द्या.